तंत्रज्ञान क्षेत्रातल्या स्त्रिया, उद्योजिका आणि न्याय्य निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरच्या कामात माझी वीस वर्षं गेली. त्यातली बरीचशी मुलाखती घेण्यात, बढत्यांच्या बैठकांना बसण्यात आणि अलीकडे नव्या उद्योजिकांची सादरीकरणं तपासून देण्यात. विद्यार्थिनी, मॅनेजर, गुंतवणूकदार, सगळ्यांच्या तोंडून तेच तेच प्रश्न ऐकले. कुणी चिडून विचारले, कुणी मनापासून समजून घ्यायला. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

मुलींना संगणकाची आवडच कमी असते ना?

इतिहास तसं सांगत नाही. १९४६ मध्ये एनिअ‍ॅक हा संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्या वेळी प्रोग्रामिंगची भाषा नव्हती, शिकवणारं पुस्तक नव्हतं. यंत्राचे आराखडे वाचून त्या शिकल्या. प्रात्यक्षिक झाल्यावरच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना गेलं नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये अगदी सुरुवातीच्या कंपायलरांपैकी (माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांपैकी) एक तयार केला आणि पुढे कोबोल ही भाषा त्यांच्याच कामाच्या आधाराने उभी राहिली. अपोलो यानातल्या संगणकाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्याला संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. २०१० च्या दशकात हा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. तीस वर्षांत कुणाच्या मेंदूची घडण बदलत नाही. बदललं ते भोवतालचं. घरगुती संगणक आले ते मुलग्यांचं खेळणं म्हणून, जाहिरातींतही मुलगेच दिसायचे. मग कॉलेजच्या पहिल्याच वर्गात शिक्षक धरून चालू लागले की समोरच्याला थोडंफार कोडिंग येतंच. ज्यांच्या हाती लहानपणी संगणक लागला नव्हता, त्या मुलींना वाटायचं की आपण कमी पडतोय.

ही घसरण उलटवताही आली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत मुली होत्या ७ टक्के, २००० मध्ये ४२ टक्के. प्रवेश देताना आधीच्या कोडिंगच्या अनुभवाला दिलेलं झुकतं माप त्यांनी काढून टाकलं आणि अनुभव असलेल्या-नसलेल्यांसाठी सुरुवातीचे वेगवेगळे वर्ग केले. हार्वे मड कॉलेजनेही पहिला अभ्यासक्रम असाच विभागला, भाषा बदलून पायथन घेतली, आणि २०१६ पर्यंत तिथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली निम्म्याहून जास्त झाल्या. मुली त्याच होत्या, दार मोठं झालं होतं.

आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. मग अडचण कुठे आहे?

हा प्रश्न विचारणारी माणसं बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

२०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. विज्ञान विषयांच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदासाठी एकच अर्ज पाठवला गेला. निम्म्यांच्या अर्जावर नाव होतं जॉन, निम्म्यांच्या अर्जावर जेनिफर. बाकी सगळं शब्दशः सारखं. जॉन जास्त सक्षम ठरला आणि त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. निर्णय देणाऱ्यांत पुरुषही होते, स्त्रियाही होत्या, आणि दोघांचाही कल एकाच बाजूला होता. यातल्या कुणालाही आपण भेदभाव करतोय असं वाटलं नसणार.

मला त्याहून जास्त शिकवून गेला तो २००५ मधला दुसरा प्रयोग. पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी दोन उमेदवार ठेवले होते, एक शिकलेला आणि एक रस्त्यावरच्या कामात मुरलेला. कधी शिकलेला उमेदवार पुरुष असायचा, कधी स्त्री. तो पुरुष असला की परीक्षक म्हणायचे, या पदाला शिक्षण फार महत्त्वाचं. शिकलेली उमेदवार स्त्री असली की शिक्षणाचं वजन कमी व्हायचं. आधी माणूस आवडला आणि मग त्याला शोभेल असा निकष सापडला. "गुणवत्ता" हा शब्द इथेच घसरतो. पण त्याच प्रयोगात उपायही मिळाला : ज्यांना उमेदवार दाखवण्याआधी निकषांचं महत्त्व ठरवायला लावलं, त्यांच्या निर्णयात हा फरक राहिला नाही.

आणखी एक अभ्यास २०१० मधला. "आमच्याकडे गुणवत्तेलाच मान" हे ज्या कंपनीचं ब्रीद म्हणून सांगितलं होतं, तिथे सारख्याच कामगिरीसाठी स्त्रीपेक्षा पुरुषाला जास्त बोनस दिला गेला. आपण निष्पक्ष आहोत याची खात्री पटली की माणूस स्वतःला तपासायचं सोडतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

मग निष्पक्ष निर्णयासाठी नेमकं करायचं काय?

अर्ज उघडण्याआधी कागदावर लिहा : या कामाला काय यायला हवं आणि त्यातल्या कशाला किती गुण. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. मुलाखत संपली की प्रत्येक परीक्षकाने एकमेकांशी न बोलता आपापले गुण लिहायचे, चर्चा त्यानंतर. चर्चेत सर्वात वरिष्ठ माणसाने शेवटी बोलावं, कारण तो आधी बोलला की खोलीतली बाकीची मतं त्याच्याकडे सरकतात. आणि नाकारण्याचं कारण एका वाक्यात, उमेदवाराने केलेल्या किंवा न केलेल्या एखाद्या गोष्टीच्या आधाराने लिहायचं.

शेवटची अट मी स्वतः ठेच लागून शिकले. मॅनेजर झाल्यावरच्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या अर्जावर मी लिहिलं होतं, "टीममध्ये रुळेल असं वाटत नाही." माझ्या वरिष्ठांनी विचारलं, "कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने तिन्ही प्रश्न बरोबर सोडवले होते. ती कमी बोलली होती, इतकंच. आम्ही तिला पुन्हा बोलावलं, पण तोवर तिने दुसरीकडे होकार दिला होता. "रुळणार नाही", "चमक दिसली नाही", "नेतृत्वाचा कस वाटला नाही" असे शेरे त्यानंतर मी ना स्वतःच्या कागदावर चालवून घेतले, ना दुसऱ्याच्या.

मनमोकळ्या गप्पांतून माणूस चांगला कळतो, अशी खूप जणांची समजूत असते. आखीव मुलाखतीतून पुढच्या कामगिरीचा अंदाज गप्पांपेक्षा चांगला येतो, हे नोकरभरतीवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे ही पद्धत स्त्रियांच्या न्यायासाठी जितकी, तितकीच कंपनीच्या फायद्यासाठीही.

नावं झाकून अर्ज तपासले तर पुरे नाही का?

सुरुवात म्हणून उत्तम. गिटहब या, प्रोग्रामर एकमेकांच्या प्रकल्पांत कोडची भर घालतात त्या संकेतस्थळावरच्या योगदानांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. एकूणात स्त्रियांनी पाठवलेले कोडमधले बदल पुरुषांच्या बदलांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. पण प्रकल्पाबाहेरून कोड पाठवणारी व्यक्ती स्त्री आहे हे प्रोफाइलवरून ओळखू आलं, की तिचं स्वीकाराचं प्रमाण खाली यायचं. नाव झाकण्याचा उपयोग किती, ते यावरून समजतं. मात्र नाव झाकलं तरी मधल्या दोन वर्षांची रजा, कॉलेजचं नाव, छंद यांवरून अंदाज बांधता येतोच, आणि मुलाखतीत तर माणूस समोर असतो. निकष आधी लिहिण्याला पर्याय नाही.

शेवटच्या यादीत एक तरी स्त्री असावी, असा नियम केला तर?

एकटी असेल तर ती "यादीतली बाई" होते. अंतिम फेरीतल्या उमेदवारांच्या याद्यांवर २०१६ मध्ये एक विश्लेषण आलं होतं. चार जणांत एकच स्त्री असेल तर तिची निवड होण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर गेलेली दिसली. दोघी असल्या की चित्र पार बदललं. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी माझा अनुभवही असाच आहे. दोघी असल्या की लोक त्यांची एकमेकींशी आणि बाकीच्यांशी कामावरून तुलना करू लागतात. म्हणून एकीवर थांबू नका. दुसरी सापडत नसेल तर जाहिरात कुठे दिली आणि तिच्यात काय मागितलं, ते आधी तपासा.

कोटा असावा का?

नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळांत ४० टक्के स्त्रिया असणं बंधनकारक केलं. २००८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. युरोपीय संघाने २०२२ मध्ये शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांसाठी तसाच निर्देश काढला आणि मुदत ठेवली ३० जून २०२६. नॉर्वेत मंडळांची रचना लवकर बदलली. पण तेवढ्याने खालच्या पायऱ्यांवरच्या स्त्रियांचे पगार वाढले किंवा बढत्या सोप्या झाल्या, असं तिथे आढळलं नाही.

माझं मत : संचालक मंडळात हवा, कारण तिथल्या जागा ओळखीतून भरतात आणि ओळखीचं वर्तुळ आपोआप रुंदावत नाही. इंजिनिअरांच्या भरतीत मी कोट्याऐवजी निर्णयाची पद्धत सुधारण्यावर भर देईन. तिथे काम मोजता येतं.

निवडीचं काम संगणकाकडेच सोपवलं तर? यंत्राला कसला पूर्वग्रह?

यंत्र शिकतं ते आपल्या जुन्या निर्णयांवरून. अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून अर्जांना गुण देणारी एक प्रणाली बनवायला घेतली होती. तिला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले होते, आणि त्यांत पुरुषच जास्त होते. अर्जात "महिला" असा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार, तर प्रणाली गुण कमी करू लागली. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, पण ती दुसऱ्या एखाद्या वाटेने तेच करणार नाही याची हमी मिळेना. शेवटी प्रकल्प गुंडाळला गेला. ही हकीकत २०१८ मध्ये बाहेर आली.

त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकूण सरासरी अचूकता मात्र चांगली दिसत होती. हा मुद्दा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा : सरासरीत माणसं लपतात.

तुमची कंपनी अशी प्रणाली विकत घेत असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. कुठल्या माहितीवर शिकवली? गटवार चुकांचं प्रमाण किती? तिने नाकारलेल्या माणसाला दाद कुठे मागता येईल? उत्तर मिळालं नाही तर सही करू नका.

निर्णयाच्या टेबलाशी स्त्रिया नसल्या तर वस्तूत खरंच फरक पडतो?

अ‍ॅपलने २०१४ मध्ये फोनमध्ये आरोग्याच्या नोंदींची सोय आणली. रक्तदाबापासून आहारातल्या क्रोमियमपर्यंत सगळं नोंदवता येत होतं. मासिक पाळी नव्हती. ती वर्षभराने, २०१५ मध्ये आली. हे कुणी मुद्दाम केलं असं मी मानत नाही. ज्या खोलीत यादी ठरली तिथे कुणाला ते आठवलं नाही, आणि आठवणाऱ्यांचं म्हणणं यादीपर्यंत पोचलं नाही.

वार्षिक मूल्यमापनात स्त्रियांना स्वभावावरून का बोललं जातं?

२०१४ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांतली २४८ मूल्यमापनं गोळा करून वाचली गेली. टीका असलेली मूल्यमापनं पुरुषांच्या बाबतीत सुमारे ५९ टक्के होती, स्त्रियांच्या बाबतीत सुमारे ८८ टक्के. पुरुषांवरची टीका बहुधा कामाबद्दल, पुढे काय शिकावं याबद्दल असायची. स्त्रियांवरच्या टीकेत "जरा सौम्य बोला", "इतरांनाही संधी द्या" असे सूर वारंवार येत होते.

एक सोपी चाचणी सांगते. शेरा लिहून झाला की त्यातल्या नावाच्या जागी टीममधल्या एखाद्या पुरुषाचं नाव घालून वाचा. वाक्य विचित्र वाटलं तर खोडा.

यालाच जोडून दुसरी गोष्ट. मीटिंगची टिपणं काढणं, नव्या माणसाला रुळवणं, निरोप समारंभ ठरवणं ही कामं कुणाला तरी करावीच लागतात, पण त्यांनी बढती मिळत नाही. २०१७ मधल्या प्रयोगांत दिसलं की स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत अशा कामासाठी पुढे होण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये ४८ टक्क्यांनी जास्त होतं आणि "हे करशील का?" अशी विनंतीही त्यांनाच ४४ टक्क्यांनी जास्त वेळा झाली. "कोण करेल?" असं विचारणं बंद करा. पाळी लावा. नावांच्या अक्षरक्रमाने लावली तरी चालेल.

पगारातली तफावत कशी शोधायची?

मोजून. एका पातळीवरच्या, एकाच प्रकारच्या कामातल्या सगळ्यांचे पगार, बोनस आणि शेअर एका तक्त्यात मांडा आणि जिथे फरक दिसेल तिथे कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर पगार वाढवा. सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०१५ मध्ये अशी तपासणी केली आणि तफावत भरून काढायला सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. नंतर पुन्हा तपासलं तर तफावत परत तयार झालेली, म्हणून पुन्हा पैसे घालावे लागले. हे काम दरवर्षी करायचं, ते यासाठी. आइसलँडमध्ये २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना आपली पगारपद्धत समान असल्याचं सिद्ध करणं बंधनकारक केलं.

आणि मुलाखतीत "सध्याचा पगार किती?" हे विचारू नका. आधीच्या कंपनीने केलेला अन्याय तुम्ही पुढे चालवता.

मूल झाल्यावर स्त्रिया आपणहूनच मागे सरतात. कंपनी काय करणार?

"आपणहून" या शब्दाशी मी भांडते. पगारातल्या तफावतीच्या इतिहासावर आयुष्यभर काम करणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या श्रीमंत देशांत सारखं शिक्षण, सारखं काम असूनही स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी फट पडते ती मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर, हे त्यांनी दाखवलं. डेन्मार्कसारख्या देशातही मूल झाल्यावर स्त्रियांची कमाई दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी खाली राहते. पुरुषांच्या कमाईला जवळपास धक्काही लागत नाही.

कारण सरळ आहे. ज्या नोकऱ्या कुठल्याही वेळी हाक मारतात त्या सर्वात जास्त पैसे देतात, आणि घरात दोघांपैकी एकालाच तशी नोकरी परवडते. म्हणून कामाची घडण बदलणं हाच उपाय. रात्रीच्या ऑन-कॉलची (बिघाड झाला तर हाकेला तयार राहण्याची) पाळी आधी जाहीर करा आणि तिचे पैसे द्या. महत्त्वाचे निर्णय संध्याकाळी उशिराच्या मीटिंगमध्ये घेऊ नका. चर्चा लेखी ठेवा, म्हणजे जी माणसं त्या वेळी हजर नव्हती ती मागे पडणार नाहीत. रजा वडिलांनाही द्या आणि ती घेतली जाते का हे बघा. स्वीडनने १९७४ मध्येच आईच्या रजेची पालकांची रजा केली, पण ती बहुतेक आयाच घेत राहिल्या. १९९५ मध्ये एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवला, तेव्हा वडील रजा घेऊ लागले.

हे जमतं याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीचा आहे. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये सहा पौंडांवर सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सोडावी लागलेल्या प्रोग्रामर स्त्रियांना त्यांनी घरून काम दिलं. ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नव्हती; खाली "स्टीव्ह" अशी सही करू लागल्यावर येऊ लागली. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग त्यांच्याच गटाने केलं. १९७५ च्या समानतेच्या कायद्याने फक्त स्त्रियांना घेणं बेकायदा ठरलं, तेव्हा त्यांनी पुरुषांनाही कामावर घेतलं. पुढे कंपनीतला मोठा वाटा त्यांनी कर्मचाऱ्यांना दिला आणि त्यांतले सत्तर जण लक्षाधीश झाले. घरातून, मूल सांभाळत, टेलिफोन आणि टपालावर हे सगळं झालं होतं.

उद्योजिकांना भांडवल कमी का मिळतं? त्यांच्या कल्पना छोट्या असतात म्हणून?

अमेरिकेत केवळ स्त्री-संस्थापक असलेल्या कंपन्यांना साहसी भांडवलातला (नव्या कंपन्यांत मालकीच्या वाट्याच्या बदल्यात घातल्या जाणाऱ्या पैशांतला) वाटा गेली अनेक वर्षं दोन टक्क्यांच्या आसपास मिळतो आहे. कल्पना छोट्या असतात, हे स्पष्टीकरण पुराव्याला उतरत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकच सादरीकरण, तेच शब्द, एकदा पुरुषाच्या आणि एकदा स्त्रीच्या आवाजात ऐकवलं. सुमारे ६८ टक्के लोकांनी पुरुषाच्या आवाजातला व्यवसाय निवडला.

२०१८ मधला एक अभ्यास मला सर्वात उपयोगी वाटतो, कारण तो खोलीत नेमकं काय होतं ते दाखवतो. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतले प्रश्न तपासले गेले. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के वाढीबद्दल होते : किती ग्राहक मिळवाल, किती मोठे व्हाल. स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के जपण्याबद्दल होते : आहेत ते ग्राहक टिकतील का, नुकसान झालं तर काय. असे प्रश्न स्त्री-गुंतवणूकदारांनीही विचारले. उत्तर प्रश्नाच्याच साच्यात येतं, आणि बचावाचं उत्तर देणाऱ्याचा व्यवसाय छोटा वाटतो.

परताव्याचं म्हणाल तर, नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या एका नामांकित प्रवेगक (अ‍ॅक्सलरेटर) कार्यक्रमातल्या कंपन्यांचं विश्लेषण २०१८ मध्येच आलं. गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्त्री-संस्थापकांच्या कंपन्यांनी ७८ सेंट उत्पन्न मिळवलं, पुरुषांच्या कंपन्यांनी ३१. आणि त्या स्त्रियांना मिळालेलं भांडवल निम्म्याहून कमी होतं.

मला असे बचावाचे प्रश्न आले तर काय करू?

त्याच अभ्यासात दिसलं की ज्यांनी जपण्याच्या प्रश्नाला वाढीचं उत्तर दिलं त्यांनी पुढे बरंच जास्त भांडवल उभं केलं. म्हणून तयारी अशी करा. "ग्राहक सोडून गेले तर?" या प्रश्नाला आकड्यासकट एक वाक्य : गेल्या सहा महिन्यांत किती टिकले. आणि लगेच पुढचं वाक्य : "हे ग्राहक टिकतात म्हणूनच आम्ही पुढच्या वर्षी या दोन नव्या बाजारांत जातोय, तिथे मागणी एवढी आहे." प्रश्न टाळू नका, टाळलेलं कळतं. उत्तर द्या आणि बोलणं पुढे न्या. मैत्रिणीला समोर बसवून दहा वाईट प्रश्न विचारायला लावा आणि मोठ्याने बोलून सराव करा.

एक खंतही सांगते : हे शिकण्याचं ओझं उद्योजिकेवर पडायला नको होतं.

मी गुंतवणूकदार आहे. मी काय बदलू?

सगळ्यांना एकच लिखित प्रश्नावली, निम्मे प्रश्न वाढीचे, निम्मे जोखमीचे. ओळखीतून आलेल्या आणि थेट आलेल्या प्रस्तावांना सारखा वेळ. किती स्त्रियांचे प्रस्ताव आले, किती भेटी झाल्या, किती जणींना पैसे मिळाले, हे तीन आकडे दर तिमाहीला स्वतःपुरते तरी मांडा. गळती नेमकी कुठल्या पायरीवर आहे ते लगेच दिसेल. कॅनव्हा या डिझाइनच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सहसंस्थापक मेलनी पर्किन्स यांना शंभराहून अधिक गुंतवणूकदारांनी नकार दिला होता, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्या नकारांचा हिशोब मांडणारे किती निघाले असतील?

पैसे गुंतवता येत नाहीत, पण मदत करायची आहे. काय करू?

ग्राहक व्हा. पहिली मोठी ऑर्डर हे उद्योजिकेसाठी सर्वात स्वस्त भांडवल असतं. त्यावर व्याज नाही आणि मालकीतला वाटाही द्यावा लागत नाही. तुमच्या कंपनीतल्या खरेदीच्या अटी बघा : तीन वर्षांचा ताळेबंद, अमुक एवढी उलाढाल. त्या खरोखर गरजेच्या आहेत का? आणि बिल वेळेवर द्या. उशिरा मिळालेल्या पैशाने छोटे उद्योग बुडताना मी पाहिले आहेत, आणि त्यांचं काम चोख होतं.

मेन्टॉर आणि स्पॉन्सर यांत फरक काय?

मेन्टॉर तुमच्याशी बोलतो, स्पॉन्सर तुमच्याबद्दल बोलतो, तुम्ही नसलेल्या खोलीत. सल्ला स्त्रियांना भरपूर मिळतो. "हा प्रकल्प तिच्याकडे द्या, जबाबदारी माझी" असं म्हणणारं माणूस मात्र क्वचित भेटतं. तुम्ही अधिकाराच्या जागी असाल तर ते माणूस व्हा.

पूर्वग्रहांवरची सक्तीची कार्यशाळा घेतली तर?

तेवढ्याने काही होत नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली. सक्तीच्या प्रशिक्षणानंतर काही गटांचं मॅनेजरपदांतलं प्रमाण उलट घटलेलं दिसलं. मार्गदर्शनाचे कार्यक्रम आणि आकड्यांचा जाब विचारणारे गट यांचा परिणाम जास्त चांगला होता. दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा ते आठ तास भरतीचा फॉर्म सुधारण्यात घाला.

छळाची तक्रार करावी का? करिअर संपेल अशी भीती वाटते.

ही भीती निराधार नाही, आणि "बिनधास्त पुढे या" असं मी कुणालाही वरवर सांगणार नाही. तारीख, वेळ, शब्द, हजर असलेली माणसं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, कंपनीच्या संगणकाबाहेर. विश्वासातल्या एका व्यक्तीला तेव्हाच सांगा. तुमच्या देशातल्या कायद्यात तक्रारीला किती मुदत आहे, ते आधी विचारून घ्या. तक्रार कधी करायची, हे तुमचं तुम्ही ठरवा.

एकीने बोलणं आणि अनेकींनी मिळून बोलणं यात फार फरक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गुगलचे जगभरातले सुमारे वीस हजार कर्मचारी काम थांबवून बाहेर पडले. त्यानंतर लैंगिक छळाच्या तक्रारी सक्तीने खासगी लवादाकडे नेण्याची अट कंपनीने काढून टाकली. २०२२ मध्ये अमेरिकेत तशी सक्ती मोडणारा कायदाच आला.

कंपनी चालवणाऱ्यांना माझी विनंती : तक्रारीची चौकशी त्या मॅनेजरच्या साखळीबाहेरच्या माणसाकडे द्या, आणि तक्रार करणारीच्या पुढच्या दोन मूल्यमापनांवर लक्ष ठेवा. सूड तिथे घेतला जातो.

मीटिंगमध्ये माझं बोलणं मध्येच तोडलं जातं. उपाय?

"माझं वाक्य पूर्ण करते" एवढंच म्हणा आणि पुढे बोला. मात्र हे तुमच्यापेक्षा शेजारच्याने म्हटलेलं जास्त लागू पडतं. तेव्हा एखाद्या सहकाऱ्याशी आधीच ठरवून ठेवा : तुझं तोडलं तर मी म्हणेन, माझं तोडलं तर तू म्हण.

आमची दहा जणांची कंपनी आहे. एवढं सगळं कुठून करणार?

सगळं नका करू. दहा जणांच्या कंपनीत प्रत्येक नवी नेमणूक म्हणजे सगळी संस्कृती बदलण्याची संधी असते, म्हणून पुढच्या नेमणुकीपासून सुरू करा. जाहिरात लिहिण्याआधी अर्धा तास बसून निकष आणि त्यांचे गुण ठरवा. पाच प्रश्न लिहा. दोन जणांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. सगळ्यांच्या पगारांचा तक्ता तुम्ही आजच्या दुपारी करू शकता, दहाच ओळी आहेत. पहिल्या दहांत एकही स्त्री नसेल तर अकरावीला येताना जड जातं, विसाव्या जागेपर्यंत थांबलात तर आणखी जड. अर्जच येत नसतील तर जाहिरातीतल्या अटी वाचा आणि ज्या अटी तुमच्या आत्ताच्या दहांपैकी निम्मे जण पूर्ण करत नाहीत त्या काढून टाका. मग जाहिरात पुन्हा लावा.